पायबसचे सात खण

होबार्टच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडून आम्ही परतलो
तेव्हा नेव्हिल पायबस घरात गेलाच नाही.
गाडी मी चालवत होते. ती थांबते न थांबते तोच
तो शेडमध्ये शिरला, कामाच्या टेबलाखाली वाकला
आणि आतूनच म्हणाला, 'सात खण बसतील इथे.'

मधलं जातंय, त्याने मला सांगितलं,
फळीत गाठ निघाली म्हणून सांगावं तसं.
कडा राहतील.
म्हणजे तुझा चेहरा नाही दिसणार, ब्रायोनी,
पण कान दिसत राहतील,
आणि ते काही फार बघण्यासारखे नाहीत.

चाळीस वर्षं त्याची हत्यारं भिंतीवर टांगलेली,
खिळ्याखिळ्याला, नजरेच्या भरवशावर.
ती उतरवली तर मागे फिकट सावल्या निघाल्या,
करवतीची, गुण्याची, कुणा एका कानशीची
जी आता सापडत नाही.
पटाशी तो फळीवर आडवी ठेवायचा,
मी पेन्सिल फिरवायची भोवतीनं,
मग त्या रेघेच्या आत कोरायचं:
बोटाचं एक पेर बुडेल इतकं खोल,
मुठीपाशी अंगठ्याला जागा,
धार पलीकडे तोंड करून.
धारेचं त्याने तीनदा सांगितलं.
चौथ्यांदा सांगू लागला तेव्हा मी चिडले.

पहिल्या खणाचा तळ ह्यूऑन पाइनचा.
नदीच्या गाळातून ओढून काढलेला ओंडका,
पिवळा, तुपकट, किती शतकांचा कोण जाणे.
खण ओढला की वास आधी बाहेर येतो, रंधे मागून.
दुसरा मर्टलचा, त्याला वास असा नाही,
पण तळहात टेकला तर तो म्हणे गुलाबी लागतो.
मी टेकून पाहिला. मला लाकूड लागलं.

चौथ्याला करवत रेघेच्या चुकीच्या अंगाला पडली.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा, असं मी म्हणणार होते,
तोच म्हणाला, 'या महिन्यात तिसऱ्यांदा.'
पट्टी चुलीत टाकायला मी उचलली,
ती त्याने हातातून काढून घेतली.
फटीत ब्लॅकवुडची पातळ पाचर ठोकली,
घासली नाही, नखाला अडेल एवढी ठेवली.
आता चौथा कोणता ते त्याला विचारावं लागत नाही.

ऑगस्टात एकदा संध्याकाळी दिवा घालवायला लावला.
छपरावर गारांचा पाऊस, शेगडीत दोन निखारे.
'अर्धा इंची,' मी म्हणायची, आणि ती हातात यायची.
'खतकस.' यायचा.
मग मी वात्रटपणा केला, दोन पटाश्यांच्या जागा बदलल्या.
खण लावताना तो थांबला, कान तिरका केला.
'खडखडतंय,' म्हणाला.
'कुणीतरी कुणाचे तरी बूट घातलेत आत.'

सातवा खण त्याने माझ्याशिवाय केला.
मूठ नाही, कडी नाही, ओढायला काही नाही.
मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही,
आणि असंच चाललं असतं, पण खण बसलेत असे घट्ट
की आतल्या हवेला जायला वाट नाही.
एक जोरात ढकलला की दुसरा कुठला तरी
बोटभर पुढे येतो, हाक मारल्यासारखा.

त्या दिवशी रंधे ठेवून त्याने पहिला लावला
आणि खाली सातवा सरकला.
मी मान तिरकी करून पाहिलं.
त्यात नीट कोरलेल्या जागा होत्या,
भिंगाची, दोन चष्म्यांची,
आणि चौकोनी एक, पातळ,
गाडी चालवायच्या परवान्याच्या मापाची.

त्याने माझ्याकडे पाहिलं,
म्हणजे माझ्या शेजारच्या खिडकीकडे,
आणि गुडघ्यानं तो आत लोटला.
तिसरा बाहेर आला.
'कानस दे,' मी म्हणाले.